तिन्ही एटीव्हींना एकच इंजिन ऑइल चालेल का?

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. दापोलीजवळ तुमचं कृषी पर्यटन आहे, पाहुण्यांसाठी वाडीतून वर सड्यापर्यंत (कातळाच्या माळापर्यंत) एटीव्हीचा, म्हणजे खडबडीत वाटेवर चालणाऱ्या चारचाकी बाइकचा, ट्रॅक केलाय, आणि गाड्या तीन आहेत, एक पोलारिस स्पोर्ट्समन ५७०, एक लहान मुलांची ११० सीसी चायनीज आणि एक १५० सीसीची बेल्टवाली ऑटोमॅटिक. मिस्त्री म्हणतो कोकणात गरम, सगळ्यांत २०डब्ल्यू-५० घाला. दुकानदार म्हणतो फुल सिंथेटिक घ्या, डोळे झाकून. मध्ये तुम्ही कारचं उरलेलं ५डब्ल्यू-३० त्या ११० मध्ये घातलंत आणि तेव्हापासून ती चढावर रेस घेते पण ओढत नाही. आणि तुम्हाला एकच मोठा कॅन आणून तिन्हींत घालायचाय, म्हणजे गड्याचा गोंधळ व्हायला नको.

तर एकच कॅन नको, दोन घ्या. का ते सांगतो, कारण कारण कळलं की उद्या चौथी गाडी आली तरी तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

मी कोकणातल्या आणि लोणावळा-पाचगणीकडच्या रिसॉर्टच्या एटीव्ही दुरुस्त करतो, आणि ऑइलचा प्रश्न आला की लोक आधी ब्रँड विचारतात, मग जाड की पातळ ते विचारतात, आणि क्लच कुठे बसलाय हे कुणीच विचारत नाही. माझ्या मते तोच पहिला प्रश्न. कारच्या इंजिनात ऑइल फक्त इंजिनाचं काम करतं, क्लच बाहेर कोरडा असतो. तुमच्या ११० चं इंजिन हे होंडा कब ह्या जुन्या छोट्या मोटरसायकलच्या आडव्या इंजिनावरून आलेलं, त्यात क्लच आणि गिअर दोन्ही इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेले असतात. म्हणजे एकाच तेलाने पिस्टन आणि बेअरिंगला घसरू द्यायचं आणि क्लचला मात्र घसरू द्यायचं नाही. कारची नवीन पातळ ऑइलं, ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२० वगैरे, पेट्रोल वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं घालून बनवलेली असतात, बऱ्याचदा डब्यावर रिसोर्स कन्झर्व्हिंग असं लिहिलेलं असतं. ते कारला चांगलंच. ओल्या क्लचला तेच मारक. तुमची ११० चढावर रेस घेते आणि ओढत नाही त्याचं कारण नव्वद टक्के हेच असणार, इंजिनात ताकद आहे पण ती चाकापर्यंत जात नाहीये.

ह्याच्यासाठी जपानमध्ये जासो नावाचं मानक आहे, डब्याच्या मागच्या बाजूला छोट्या चौकटीत छापलेलं असतं. एमए, एमए१, एमए२ असेल तर ते ओल्या क्लचसाठी, त्यातही एमए२ ची पकड जास्त. एमबी असेल तर ते कमी घर्षणाचं, कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी. तुमच्या ११० मध्ये एमबी कधीच घालू नका, आणि जासोचा शिक्काच नाही असं कारचं ऑइल तर नकोच. एमए२ बघून घ्या, विषय संपला.

१५० चं गणित वेगळं आहे. तिच्यात स्कूटरसारखा बेल्ट, क्लच कोरडा, डाव्या बाजूच्या कव्हरमध्ये, ऑइलशी त्याचा संबंध नाही. तिला एमबी चालेल, एमएसुद्धा चालेल. पोलारिस ५७० मध्येही बेल्टच आहे आणि गिअरबॉक्सला वेगळं तेल आहे, म्हणजे इंजिन ऑइलला क्लचची काळजी करायची नाही. पण म्हणून सगळ्या मोठ्या एटीव्ही तशाच असतात असं धरू नका. यामाहाच्या ग्रिझलीत बेल्ट असूनही एक क्लच इंजिनाच्या तेलात असतो, होंडाच्या बऱ्याच एटीव्हींत गिअर आणि क्लच दोन्ही तेलात. म्हणजे बेल्ट दिसला की क्लच कोरडाच असं नाही, पुस्तिका उघडून बघायचं.

आता जाड-पातळ. मिस्त्रींचं म्हणणं मी समजू शकतो, हवा गरम तर तेल जाड हे आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आलंय आणि जुन्या ढिल्या इंजिनांना ते बऱ्यापैकी लागूही होतं. पण आकडे काय सांगतात बघा. १०डब्ल्यू-४० मध्ये डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला आणि नंतरचा गरम झाल्यावरचा, १०० अंशांना तेल किती घट्ट राहतं तो. थंडीच्या आकड्याची चाचणीच उणे तापमानात होते, १०डब्ल्यू ची उणे २५ ला, २०डब्ल्यू ची उणे १५ ला. दापोलीत तर सोडाच, पाचगणीला डिसेंबरच्या पहाटेसुद्धा तेवढी थंडी कधी पडत नाही, म्हणजे स्टार्ट होण्यापुरतं २०डब्ल्यू ने काही अडत नाही. पण स्टार्ट झाल्यावर वरच्या कॅमपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागापर्यंत, तेल किती लवकर पोचतं हा प्रश्न राहतोच, आणि रिसॉर्टच्या गाडीला दिवसातून किती वेळा स्टार्ट-बंद होतं ते तुम्हाला माहितीये, प्रत्येक राइडला एकदा. गार झालेल्या गाडीत जाड तेल सकाळच्या काकवीसारखं सावकाश चढतं आणि तेवढा वेळ वरचे भाग जवळपास कोरडे फिरतात, त्यात पाहुणा बसल्या बसल्या पूर्ण थ्रॉटल देणारा. म्हणून पहिला आकडा मी शक्यतो १० किंवा १५ च्या वर जाऊ देत नाही, मिळत असेल तर.

दुसरा आकडा कंपनी ठरवते, हवामान नाही, निदान आपल्याकडच्या हवामानात तरी. बेअरिंगमधली फट किती, ऑइल पंप केवढा, इंजिन हवेवर थंड होतं की पाण्यावर, ह्यावर तो बेतलेला असतो. पोलारिसने ५७० ला स्वतःचं पीएस-४ हे ५डब्ल्यू-५० फुल सिंथेटिक सांगितलंय. लोकांना वाटतं ही कंपनीची विक्रीची युक्ती, पण ती गाडी अमेरिकेत बर्फातही चालते आणि वाळवंटातही, म्हणून एवढा मोठा पल्ला. आपल्याला त्यातला ५ नको असतो पण ५० हवा असतो, कारण ते इंजिन ५० वर बेतलंय. तुमची पोलारिस वॉरंटीत असेल तर दुसरा विचारच करू नका, ५डब्ल्यू-५० च घाला आणि बिल जपून ठेवा. वॉरंटी संपली असेल आणि ते वेळेवर मिळत नसेल तर चांगल्या कंपनीचं १०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-५० फुल सिंथेटिक मी आपल्या हवेत घातलंय आणि घालेन. ५० ग्रेडची बाइकची सिंथेटिक ऑइलं आता रत्नागिरी-चिपळूणलाही मिळतात, त्यावर एमए२ असलं तरी पोलारिसला त्याने तोटा नाही, फक्त गरज नाही एवढंच. मिस्त्रींचं साधं मिनरल २०डब्ल्यू-५० मात्र त्यात नको, शेवटचा आकडा जुळतो म्हणून तेल तेच झालं असं नाही, गरम होऊन होऊन मिनरल तेल लवकर थकतं.

११० आणि १५० ला १०डब्ल्यू-४० एमए२ घ्या, सेमी सिंथेटिक पुरेसं आहे. इथे मी दुकानदाराशी सहमत नाही. ह्या दोन्ही छोट्या इंजिनांत लिटरभर तेलही मावत नाही आणि कारसारखा कागदी फिल्टर बहुतेकांत नसतोच, नुसती तारेची जाळी असते. ती जाळी मोठा कचरा अडवते, बारीक माती आणि धातूचा चुरा तेलातच फिरत राहतो. म्हणजे तेल महागाचं असो की स्वस्त, घाण तेवढीच, आणि ती घालवायचा एकच मार्ग, तेल लवकर बदलणं. लोक महागडं सिंथेटिक घालतात आणि मग पैसे वसूल व्हावेत म्हणून ते दुप्पट चालवतात, ते ह्या इंजिनांत सगळ्यात वाईट. त्यापेक्षा मध्यम तेल आणि वेळेवर बदल.

वेळेवर म्हणजे कधी, तर हे परिस्थितीवर आहे आणि तुम्ही ट्रॅकबद्दल फार काही लिहिलं नाहीत. एटीव्हीला किलोमीटरवर मोजू नका, तासांवर मोजा. ताशी दहा-पंधराच्या वेगाने चढावर लो गिअरमध्ये तासभर घुरघुरलेली गाडी किलोमीटर काहीच दाखवत नाही पण इंजिन तासभर तापलेलं असतं. पोलारिसला तासांचं मीटर आहेच. छोट्यांना नसेल तर प्लगच्या वायरला गुंडाळायचं छोटं अवर मीटर मिळतं, स्वस्त असतं, लावून टाका. माझ्याकडे भाड्याने चालणाऱ्या गाड्यांना मी पोलारिसला साधारण ५० तास धरतो, पुस्तिकेत जास्त दिलं असलं तरी, कारण पुस्तिकासुद्धा धूळ, पाणी, सावकाश आणि ओझ्याने चालवणं ह्याला कडक वापर म्हणते आणि तेव्हा लवकर बदला असं सांगते, रिसॉर्टचा वापर म्हणजे तोच. छोट्या दोघींना २०-२५ तास. नवीन इंजिन असेल किंवा बोअर-पिस्टन नवीन केलं असेल तर पहिलं तेल त्याहून बरंच आधी काढायचं. ट्रॅक गवताचा आणि ओलसर असेल तर थोडं सैल सोडा. सड्यावर जानेवारीनंतर जी लाल बारीक धूळ उडते ती असेल तर अजिबात नाही.

आणि धुळीचा विषय निघालाच तर हे मनापासून सांगतो, ऑइलच्या नावाने जी इंजिनं माझ्याकडे मेलेली येतात त्यातली बरीचशी एअर फिल्टरने मेलेली असतात. जांभ्याची धूळ पीठासारखी बारीक असते, फिल्टरच्या कडेने चिमूटभर जरी आत गेली तरी पिस्टन-रिंगवर पॉलिश पेपरचं काम करते आणि मग ती तेलात उतरून बेअरिंगपर्यंत जाते. मग गाडी धूर द्यायला लागते, तेल खाते, आणि मालक म्हणतो ऑइल खराब निघालं. फोमचा फिल्टर असेल तर साबणाच्या पाण्यात दाबून दाबून धुवायचा, पिळायचा नाही, पूर्ण वाळला की फिल्टर ऑइल चोळायचं आणि जास्तीचं दाबून काढायचं. धुळीच्या दिवसांत दर आठवड्याला. फिल्टरच्या पलीकडच्या रबरी नळीत आतून स्वच्छ बोट फिरवून बघा, बोटाला लाल लागलं तर फिल्टर नीट बसत नाहीये आणि मग जगातलं कुठलंही ऑइल तुम्हाला वाचवणार नाही.

तेल बघायचं कसं, तर काळं झालं म्हणजे वाईट असं नाही, काळं होणं त्याचं कामच आहे. दोन बोटांत घेऊन चोळा, खरखर लागली तर माती. उन्हात धरा, चंदेरी चकाकी दिसली तर धातू, लोहचुंबकाला चिकटली तर लोखंड म्हणजे गिअर किंवा बेअरिंग, नाही चिकटली तर ॲल्युमिनियम म्हणजे बहुतेक पिस्टन किंवा केसिंग. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय, मग ती गाडी एक मिनिटही चालवायची नाही. पऱ्ह्यातून, म्हणजे ओढ्यातून, गाडी घालायची पाहुण्यांना फार हौस असते, आणि पाणी नेहमी वरूनच जातं असं नाही, गरम इंजिन अचानक थंड पाण्यात बसलं की ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा आत-बाहेर करणाऱ्या, नळीतून आत ओढलं जातं. तेल असं दुधाळ दहा मिनिटांच्या राइडांनीसुद्धा होतं, तेल नीट तापतच नाही आणि आतली वाफ तिथेच जमते, पावसाळ्याच्या तोंडाला हमखास. आणि वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा तेल घातलं नसताना लेव्हल वाढलेली दिसली तर कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी फ्लोट गळतेय, पेट्रोल तेलात उतरून ते पातळ झालंय. हे चायनीज गाड्यांत फार बघतो. तेल बदलण्याआधी फ्लोट नीट करा, नाहीतर नवं तेलही आठवड्यात पाण्यासारखं होईल, आणि रात्री पेट्रोलचा कॉक बंद करायची सवय गड्याला लावा.

आता तुमच्या घसरणाऱ्या ११० चं काय करायचं. गाडी गरम असताना ते ५डब्ल्यू-३० पूर्ण काढा, बोल्ट काढल्यावर घाई करू नका, निथळू द्या. एमए२ घाला, दोन-तीन दिवस हलक्या राइडा करा, चढावर नाही, मग ते तेलही काढून टाका आणि पुन्हा नवं घाला. तेवढं तेल वाया गेल्यासारखं वाटेल पण क्लचच्या लायनिंगमध्ये जिरलेलं जुनं तेल असंच निघतं. बऱ्याचदा पकड परत येते. नाही आली तर लायनिंग घसरून घसरून काचेसारखं गुळगुळीत झालंय, मग उजवं कव्हर उघडून क्लच बदलायचा. कव्हर उघडलंच तर आतली ऑइलची जाळी आणि फिरता फिल्टर असेल तर तोही धुऊन घ्या, ह्या इंजिनांत ती जाळी कव्हर उघडल्याशिवाय निघत नाही म्हणून वर्षानुवर्षं तशीच राहते. १५० मध्ये उलट, जाळी खालच्या मोठ्या नटाबरोबर स्प्रिंगसकट बाहेर येते, ती हरवू नका, ओ-रिंग (रबरी कडी) दरवेळी बघा. नट आवळताना जोर लावायचा नाही, ॲल्युमिनियमचे आटे आहेत, एकदा गेले की केसिंगचं काम निघतं.

तेलाची पातळी सपाट जागेवर बघायची, तुमच्या अंगणाला उतार असेल तर गोठ्याच्या कोब्यावर आणून बघा. डिपस्टिक फिरवून आवळून बघायची की नुसती टेकवून हे प्रत्येक गाडीचं वेगळं असतं, पुस्तिकेत एक ओळ असते तिच्याबद्दल, आणि तिथेच निम्मे लोक चुकतात. पोलारिसमध्ये साधारण १.९ लिटर जातं. कमी वाईट तसं जास्तही वाईट, जास्तीच्या तेलाचा फेस होतो आणि ते ब्रीदरमधून एअर बॉक्समध्ये जाऊन फिल्टर भिजवतं.

तुम्ही शेवटी सहज विचारलंय की पॉवर टिलरचं १५डब्ल्यू-४० डिझेल ऑइल पडलेलं आहे ते चालेल का. डब्यामागे जासो एमए लिहिलेलं असेल तर छोट्यांत अडीनडीला चालेल, काही डिझेल ऑइलांवर असतं ते. नसेल तर ११० मध्ये नको, आणि पोलारिसमध्ये तर दोन्ही बाबतीत नको. पण आधी नीट वाचा की ते इंजिन ऑइलच आहे ना, ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक-गिअरचं तेल तसल्याच बादलीत येतं आणि गोठ्यात लेबल फाटलेलं असतं. शंका असेल तर इंजिनात घालू नका.

खरेदी ओळखीच्या किंवा अधिकृत विक्रेत्याकडून, झाकणाची सील बघून. नामांकित कंपन्यांच्या जुन्या डब्यांत भलतंच तेल भरून विकणारे आहेत, म्हणून स्वतःचे रिकामे डबे भंगारात देण्याआधी भोकं पाडून द्या. आणि काढलेलं तेल वाशांना वाळवी लागू नये म्हणून लावायची आपल्याकडे पद्धत आहे ती कृपया सोडा, पावसात ते धुऊन विहिरीत जातं, तुमचेच पाहुणे ते पाणी पितात. डब्यात साठवून गॅरेजला द्या, वापरलेलं तेल गोळा करणारे तिथून नेतात. हाताळताना हातमोजे घाला.

पोलारिसचं आणखी एक, कारण गडी हमखास गोंधळ करतो. पुढच्या गिअरकेसला डिमांड ड्राइव्ह नावाचं वेगळं तेल असतं, फोर व्हील पकडायचं काम त्यावर अवलंबून आहे, तिथे इंजिन ऑइल किंवा साधं गिअर ऑइल घालायचं नाही. गिअरबॉक्सचंही वेगळं. १५० च्या मागच्या गिअरलाही स्वतःचं थोडंसं गिअर ऑइल असतं, बहुतेकांना ते आहे हेच माहीत नसतं. डब्यांवर मार्करने मोठ्या अक्षरात गाडीचं नाव लिहून ठेवा, पोलारिस इंजिन, पोलारिस पुढचा, छोट्या दोघी.

आणि जूनमध्ये गाड्या झाकून ठेवणार असाल तर तेल तेव्हाच बदला, सप्टेंबरात नाही. वापरलेल्या तेलात आम्लं आणि ओल असते, चार महिने ती बेअरिंगवर बसून राहते. नवं घाला, पाच मिनिटं इंजिन फिरवा, मग झाका.

११० चं तेल काढाल तेव्हा पांढऱ्या भांड्यात काढून फोटो टाका, आणि एमए२ घातल्यावर दोन-तीन दिवसांनी ती चढावर कशी जाते ते कळवा. क्लच बदलायचाच झाला तर उजव्या कव्हरचा आणि इंजिनावरच्या नंबरचाही फोटो लागेल, ह्या चायनीज इंजिनांत वरून सारखे दिसणारे दोन-तीन प्रकारचे क्लच येतात आणि नंबर बघितल्याशिवाय मागवलेला बसत नाही.